अकरा सायटेशन्सचा निबंध

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात तीन रसायनशास्त्रज्ञांचे फोटो होते आणि वर मथळा होता : 'जगातील सर्वोत्तम दोन टक्के शास्त्रज्ञांमध्ये स्थान'. प्रत्येकाच्या फोटोखाली शोधनिबंधांची संख्या, सायटेशन्सचा, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचा हवाला किती वेळा दिला त्याचा, आकडा आणि या दोन्हींतून काढलेला एच-इंडेक्स. बातमी मी दोनदा वाचली. तिघांपैकी एकानेही नेमकं काय शोधलं, कोणतं संयुग बनवलं, कोणती अभिक्रिया सोपी केली, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

आधीच सांगून टाकते, माझं नाव त्या यादीत नाही आणि कधी नव्हतं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. बत्तीस वर्षं मी सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली, त्यातली शेवटची काही निवड समित्यांवर बसण्यातही गेली. आता निवृत्त आहे. आपली बातमी वाचून शेजारच्या गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं आणि शेअरचा भाव विचारावा तसं विचारलं, "मॅडम, तुमचा एच किती?"

पहिल्यांदा त्या यादीबद्दल. तिला सगळे 'स्टॅनफर्डची यादी' म्हणतात, पण स्टॅनफर्ड विद्यापीठ कुणाला हा किताब देत नाही. तिथले वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या माहितीसाठ्याच्या आधारे ती तयार करतात. त्याबद्दलचा त्यांचा निबंध २०१९ मध्ये आला. सहा आकडे एकत्र करून एक गुण काढला जातो : एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार दुरुस्त केलेला त्याचाच धाकटा भाऊ, आणि एकट्याने किंवा पहिल्या-शेवटच्या नावाने लिहिलेल्या निबंधांच्या सायटेशन्सचे तीन वेगवेगळे हिशेब. विज्ञानाच्या १७४ उपशाखा पाडलेल्या असतात. स्वतःच स्वतःचा दिलेला हवाला धरून आणि वगळून, असे दोन्ही आकडे दाखवलेले असतात. कष्टाचं काम आहे आणि सगळ्यांना खुलं आहे. पण याद्या दोन असतात. एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षात मिळालेल्या सायटेशन्सची. आपल्या बातमीतले तिघे कोणत्या यादीतले, ते कळलं नाही. एका डावातलं शतक आणि कारकिर्दीची सरासरी यांत आपलं क्रीडा पान कधी गल्लत करत नाही. आणि 'सर्वोत्तम' हा शब्द त्या यादीत कुठेच नाही. ज्यांच्या निबंधांचा हवाला जास्त दिला गेला, त्यांची ती यादी आहे.

आता माझा एच. सतरा. तो कसा निघतो ते सांगते, कारण शेजारच्या गृहस्थांना तो रक्तातल्या साखरेसारखा आतून मोजलेला काहीतरी आकडा वाटत होता. माझे एकूण ४१ शोधनिबंध आहेत. ज्याचा हवाला सर्वांत जास्त दिला गेला तो वर, त्याखाली त्याहून कमी, अशी उतरंड लावायची आणि वरून मोजत जायचं. माझ्या सतराव्या क्रमांकाच्या निबंधाला १९ सायटेशन्स आहेत, अठराव्याला १६. म्हणजे किमान सतरा सायटेशन्स असलेले सतरा निबंध आहेत, पण किमान अठरा असलेले अठरा नाहीत. झाला एच सतरा. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये ही युक्ती मांडली. एका निबंधावर मिरवणाऱ्याला ती आळा घालते आणि ज्यांचा हवाला कुणीच देत नाही अशा निबंधांचा ढीग रचणाऱ्यालाही. या अर्थाने हुशार आकडा आहे. मात्र माझे दोन जुने विद्यार्थी सध्या लिहीत असलेल्या निबंधांत माझ्या त्या अठराव्या निबंधाचा एकेकदा उल्लेख करतील, तर मी घरात बसल्या बसल्या अठराची होईन. एका फोनचं काम आहे. मी केलेला नाही, पण तो मोह काय असतो ते मला ठाऊक आहे. आणि हा सतराही गूगल स्कॉलरचा. स्कोपसमध्ये मी पंधराची आहे, वेब ऑफ सायन्समध्ये चौदाची, कारण तिन्ही ठिकाणी मोजली जाणारी नियतकालिकं वेगळी. माणूस एकच.

उतरंडीच्या अगदी टोकाला माझा जो निबंध आहे, त्याला ४८६ सायटेशन्स आहेत. माझ्या १,३१२ पैकी एकतृतीयांशाहून जास्त त्याचीच. तो लिहिताना मी एकही फ्लास्क हातात घेतला नव्हता. तो आढावा लेख आहे, म्हणजे इतरांनी दहा वर्षांत काय केलं त्याचं सहलेखकाबरोबर केलेलं संकलन. प्रस्तावनेच्या पहिल्या वाक्यात 'या विषयावर बरंच काम झालं आहे' असं म्हणून आमच्या लेखाचा क्रमांक टाकला की लिहिणारा मोकळा होतो. बाहेरून त्या लेखातली चाळीस मूळ कामं आम्ही गिळल्यासारखं दिसतं. काही वेळा खरंच गिळली. ज्यांनी ती अभिक्रिया पहिल्यांदा करून दाखवली त्यांच्याऐवजी लोक आमचं नाव देऊ लागले.

आता खालचा निबंध. अकरा सायटेशन्स. एच-इंडेक्सच्या हिशेबात तो नसल्यासारखाच. त्यातलं संयुग आम्ही बनवत होतो, आणि दर वेळी शुद्ध करायला सिलिकाच्या कॉलमवर, म्हणजे सिलिकाची पूड भरलेल्या नळीत, चढवलं की त्याचा चुराडा व्हायचा. मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे ठिपके म्हणून दाखवणाऱ्या टीएलसीच्या पट्टीवर एका ठिपक्याच्या जागी चार ठिपके. सिलिका किंचित आम्लधर्मी असते आणि आमच्या संयुगाला आम्लाचा वाराही सोसत नव्हता. माझी विद्यार्थिनी सात महिने यात अडकली. आम्ल मारायला सिलिकात ट्रायइथिलअमीन मिसळून पाहिलं, सिलिकाऐवजी अल्युमिना वापरून पाहिली. शेवटी तिने कॉलमच करायचा नाही असं ठरवलं. अभिक्रिया थांबवतानाचं तापमान बदललं, पेंटेनमध्ये थोडासा इथर घालून मिश्रण रात्रभर उणे २० अंशांवर ठेवलं आणि सकाळी मला फ्रीजरपाशी बोलावून घेतलं. बारीक पांढऱ्या सुया होत्या. रेणूची रचना आणि शुद्धता दाखवणारी एनएमआर चाचणी स्वच्छ.

हे सगळं निबंधाच्या मुख्य भागात नाही. जागा नसते, आणि परीक्षकांना त्यात रस नसतो. ते निबंधासोबतच्या पुरवणी माहितीच्या फाइलमध्ये आहे, तेविसाव्या पानावर, तीन ओळींत. गेल्या बारा-तेरा वर्षांत मला त्या तीन ओळींबद्दल वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून ईमेल आल्या. कुणी विचारलं इथर किती टक्के, कुणी नुसतंच कळवलं, 'तुमच्या पद्धतीने झालं, आभार.' मी मोजल्या नव्हत्या. या पत्रासाठी शोधून काढल्या तर चौतीस निघाल्या. अकरा सायटेशन्स आणि चौतीस ईमेल.

हे असं का होतं, ते रसायनशास्त्राबाहेरच्या वाचकाला सहसा माहीत नसतं. आमच्या शाखेत प्रत्यक्ष कृती, म्हणजे किती मिलिग्रॅम, किती अंश, किती तास, हे आजकाल बहुतांशी पुरवणी फाइलमध्ये जातं. मग जे दुसऱ्याची कृती वापरतात तेही तिचा संदर्भ आपल्या पुरवणी फाइलमध्येच देतात. आणि सायटेशन मोजणारे माहितीसाठे सर्वसाधारणपणे मुख्य निबंधाच्या शेवटची संदर्भसूचीच वाचतात, वेगळ्या पुरवणी फाइलमधली नाही. म्हणजे प्रस्तावनेतल्या शिष्टाचाराचा उल्लेख मोजला जातो आणि ज्याच्या कृतीबरहुकूम प्रयोग केला, त्याचा सुटून जातो. संश्लेषणाचं काम करणाऱ्या माणसाचा प्रभाव मोजायला याहून उफराटी जागा शोधून सापडायची नाही.

उलट बाजूचंही उदाहरण देते, तेही रसायनशास्त्रालगतचंच. स्फटिकाची रचना क्ष-किरणांनी उलगडायला जगभर शेलएक्स नावाचा संगणकीय कार्यक्रम वापरतात. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी तो अनेक वर्षं खपून घडवला आणि २००८ मध्ये त्याचा इतिहास सांगणारा एक लेख ॲक्टा क्रिस्टॅलोग्राफिकाच्या ए विभागात लिहिला. कार्यक्रम वापरलात तर या लेखाचा संदर्भ द्या, अशी विनंती त्यात होती. सगळ्यांनी दिला, आणि तो योग्यच होता. पण एका लेखापायी त्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २.०५१ वरून एका वर्षात ४९.९२६ वर गेला. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला यंदा मिळालेली सायटेशन्स, भागिले त्या दोन वर्षांतल्या निबंधांची संख्या. सरासरीच ती. एक धनाढ्य गावात राहायला आला की गावाचं सरासरी उत्पन्न वाढतं, तसं. त्या लेखाचं वर्ष दोन वर्षांच्या खिडकीतून बाहेर गेलं आणि आकडा परत दोनच्या घरात आला. मधल्या काळात तिथे ज्यांचे निबंध छापून आले त्यांनी आपापल्या अर्जांत पन्नासच्या आसपासचा इम्पॅक्ट फॅक्टर लिहिला असेल, तर ते खोटं नव्हतं. खरंही काय होतं?

या मोजणीची सुरुवातही रसायनशास्त्रातूनच झाली, याची मला नेहमी गंमत वाटते. १९२७ मध्ये ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी एक साधा प्रश्न सोडवायला घेतला : कॉलेजच्या ग्रंथालयात रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? त्यांनी जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटीचा १९२६ चा खंड घेतला आणि त्यातले तीन हजारांहून जास्त संदर्भ कोणकोणत्या नियतकालिकांचे आहेत ते मोजले. पुढे यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सायटेशन्सच्या सूचीची कल्पना मांडली आणि १९६४ पासून ती छापून यायला लागली. गारफील्डही मुळात रसायनशास्त्राचेच पदवीधर. पीएचडी भाषाशास्त्रात, पण विषय रासायनिक नावांवरून रेणुसूत्र काढण्याचा. सूची वापरून एखादी कल्पना पुढे कुणी कशी नेली ते शोधता येतं. मी स्वतः आयुष्यभर ती त्यासाठी वापरली आणि तिच्याशिवाय माझं पान हललं नसतं. कपाटात काय ठेवावं हे ठरवायला काढलेल्या मापाने माणूस ठेवावा की नाही हे ठरवायला लागलो, ती पुढची करामत आपली.

त्यात माझाही हात आहे, ते लपवत नाही. एका निवड समितीवर आम्ही पाच जण होतो. सत्तावीस अर्ज, एक दुपार. कार्यालयाने आमच्यासमोर एक तक्ता ठेवला : नाव, निबंध, सायटेशन्स, एच. तक्ता एचच्या उतरत्या क्रमाने लावलेला होता, आणि एकदा तसा लावला की डोळा खालच्या अर्ध्या भागाकडे जातच नाही. पहिल्या क्रमांकावर ६८ निबंधांचा एक उमेदवार होता. बऱ्याच निबंधांत आठ-नऊ सहलेखक, याचं नाव मध्ये कुठेतरी. आमच्याकडे काम करणाऱ्याचं नाव सहसा पहिलं असतं आणि ज्याची प्रयोगशाळा त्याचं शेवटचं, तारांकित. मधल्या नावांनी नेमकं काय केलं, ते त्यांचं त्यांना माहीत. तक्त्यात खाली १४ निबंधांची एक मुलगी होती. तिचे नऊ पहिल्या नावाचे, त्यातले दोन संश्लेषणाचे इतके नेटके की नंतर वाचताना मी खुर्चीत सरळ बसले. 'नंतर' हा शब्द इथे महत्त्वाचा. त्या दुपारी मी ते उघडलेच नाहीत. मी पहिल्या क्रमांकाला मत दिलं. तो माणूस वाईट निघाला असंही नाही. पण आम्ही त्याला निवडलं नव्हतं, तक्त्याने निवडलं होतं आणि आम्ही सह्या केल्या.

दुसरी कबुली. एकदा आमच्या निबंधावर आलेल्या परीक्षणात अनामिक परीक्षकाने पाच संदर्भांची यादी देऊन, हे घातल्यास निबंध भक्कम होईल असं सुचवलं. पाचही निबंधांत एक नाव समान होतं. आम्ही तीन घातले. निबंध स्वीकारला गेला. ती तीन सायटेशन्स आज कुणाच्या तरी एचमध्ये आहेत आणि कदाचित एखाद्या यादीतही असतील.

वेळ हाही एक प्रश्न आहे. १९५८ मध्ये हमर्स आणि ऑफमन यांनी ग्राफाइटपासून ग्राफाइट ऑक्साइड बनवण्याची कृती छापली : गंधकाम्ल, सोडियम नायट्रेट, पोटॅशियम परमँगनेट. जेमतेम पानभराचा मजकूर. कित्येक दशकं तिच्याकडे मोजक्यांचंच लक्ष होतं. २००४ मध्ये ग्राफीन, म्हणजे ग्राफाइटचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा, हाती आलं, ते भरपूर प्रमाणात बनवायचा मार्ग लोक शोधू लागले आणि हमर्सची ती जुनी कृती हजारो निबंधांच्या संदर्भसूचीत जाऊन बसली. तीन वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज भरणाऱ्या तरुण संशोधकाला कोणता तक्ता अशी सवड देईल? दुसऱ्या टोकाला, एखादी गोष्ट इतकी रुजते की हवाला देणं थांबतं. व्हिक्टर ग्रिन्यार यांना ज्या अभिक्रियेसाठी १९१२ मध्ये नोबेल मिळालं ती आजही प्रयोगशाळेत सर्रास वापरतात, पण त्यांच्या १९०० सालच्या निबंधाचा संदर्भ द्यायला कुणी जात नाही. 'ग्रिन्यार केलं' म्हणतात, झालं. आणि सायटेशन म्हणजे शाबासकी असंही नाही. १९८९ मध्ये फ्लाइशमन आणि पॉन्स या विद्युत-रसायनशास्त्रज्ञांनी खोलीच्या तापमानाला अणुसंमीलन झाल्याचा दावा केला. त्या निबंधाचे हवाले भरपूर दिले गेले, कारण आमच्याकडे तसं काही होत नाही हे सांगायलाही हवाला द्यावाच लागतो. मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखेच.

आकडे फेकून द्या, असं मी म्हणत नाही. ज्या माणसाच्या तीस वर्षांच्या कामाचा कुणीच कधी उल्लेख केला नाही, त्याबद्दल प्रश्न विचारायला आकडा उपयोगी पडतो. ओळखीपाळखीने होणाऱ्या नेमणुकांपेक्षा तक्ता बरा, असं म्हणणाऱ्यांचं दुःखही मला कळतं. तक्त्याच्या आधी जे होतं तेही मी पाहिलं आहे. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाला जोखू नका, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ मध्ये तयार झाला, त्यावर असंख्य संस्थांच्या सह्या आहेत. २०१५ चा लायडेन जाहीरनामाही तेच सांगतो, की आकडे तज्ज्ञांच्या मताच्या जोडीला असावेत. स्वतः हिर्श यांनी २०२० मध्ये आपल्या निर्देशांकाच्या दुष्परिणामांबद्दल लिहिलं. सह्या करणाऱ्या संस्थांच्या अर्जांतही एचचा रकाना मी भरलेला आहे, ते सोडा.

पण रसायनशास्त्रापुरतं एक वेगळं माप आहे, आणि ते जुनं आहे. ऑर्गॅनिक सिंथेसेस नावाचं प्रकाशन १९२१ पासून निघतं. त्यात कृती पाठवली की संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत ती आधी प्रत्यक्ष करून पाहतात. सांगितलेलं उत्पादन सांगितल्याइतकं मिळालं, तर छापतात. दुसऱ्याच्या फ्लास्कमध्ये झालं का, एवढाच प्रश्न. माझ्या मते रसायनशास्त्रज्ञाचा प्रभाव विचारायचा तर तो असा विचारावा : तुमची कृती तुमच्या प्रयोगशाळेबाहेर कुणी केली? झाली का? तुम्ही बनवलेलं संयुग आज कुणाच्या शेल्फवर आहे? याला आकड्यात उत्तर येणार नाही, दोन-चार वाक्यांत येईल. पण दोन-चार वाक्यं छापायला वर्तमानपत्राइतकी चांगली जागा दुसरी कोणती?

म्हणून संपादक महोदय, विनंती आहे. पुढची यादी आली, आणि ती दरवर्षी येते, की ज्यांची नावं असतील त्यांना आपल्या वार्ताहराने फोन करावा आणि एकच विचारावं, 'तुम्ही काय केलंत, ते मला समजेल असं सांगा.' कोणत्या यादीत नाव आहे तेही विचारावं, आणि 'सर्वोत्तम' हा शब्द मथळ्यातून काढावा. त्या तिघांपैकी एकांचं काम मला माहीत आहे. धातूच्या उत्प्रेरकाशिवाय दोन कार्बन जोडायची त्यांची एक पद्धत आहे, फार देखणी. आपल्या वाचकांना ती कळली असती तर आवडली असती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ

ता. क. : हे पत्र दोन दिवस लिहीत होते. आज सकाळी आकडे पुन्हा तपासायला माझं पान उघडलं तर १,३१२ चे १,३१३ झाले होते. वाढलेलं सायटेशन आमच्या त्या आढावा लेखाचंच. मुद्दाम तो नवा निबंध उघडून वाचला. ज्या संयुगासाठी त्यांनी आमचा हवाला दिला आहे, ते आमच्या लेखात नाही.